पाचव्या घरचं कापड

लिंबायत, सुरत
२६ नोव्हेंबर १९९५

आक्का,

अक्षर ओळखलंस ना. मोठं काढते आहे आणि जोडाक्षरं कमी ठेवते आहे, म्हणजे तुला एकटीला वाचता येईल. दाजींना वाचायला लावू नको. लपवण्यासारखं काही नाही. तरी.

आम्ही दोघं बरे आहोत. हेमराज त्याच मागाच्या खात्यात आहे. आता आठ माग सांभाळतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. खोली तीच. नळ मात्र आता दारासमोर आला आहे. मी घरी साड्यांचे धागे कापते.

सव्वा वर्ष पत्र लिहिलं नाही. वेळ झाला नाही असं समज. तुझी दोन पत्रं आली होती, दाजींच्या अक्षरातली. ती मिळाली.

आता सांगायचं ते सांगते. मला सातवा संपत आला आहे. जानेवारीच्या शेवटची तारीख दिली आहे. पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घातलं. तिथल्या नर्सबाईंना सगळे बेन म्हणतात. तपासताना त्या एक शब्द बोलत नाहीत, मग हात धुताना सगळं एकदम बोलतात. परवा म्हणाल्या, पिशवी आठव्या महिन्यातच भरून ठेवा, ऐन वेळी तुमची माणसं नुसती रडत येतात, हातात काही नसतं.

यादी त्यांनी तोंडी सांगितली. केसपेपर. दोन जुनी लुगडी. चादर. कापसाची गुंडाळी. साबण, वाटी, चमचा, पाण्याचा तांब्या. आणि बाळाचे कपडे. "जूनां कपडां लावजो. सुतराउ." म्हणजे जुने आणि सुती. हे दोनदा सांगितलं. पॉलिस्टर आणलं तर दारातून परत पाठवीन, म्हणाल्या. कोवळी कातडी सोलून निघते.

आक्का, या गल्लीत दिवसरात्र कापड निघतं. रस्त्याने चाललं तर पायात धागे अडकतात. आमच्या अंगावर, खिडकीला, उशीला, सगळीकडे तेच चकचकीत कापड. आणि अख्ख्या गल्लीत हातभर जुनं सुती कापड शोधावं लागतं.

म्हणून लिहिते. चिंधाचे लहान झालेले एकदोन कपडे असतील तर पाठव. सव्वा वर्षाचा झाला ना तो. चालत असेल. मी त्याला अजून पाहिलेलं नाही.

नवं काही घेऊ नको. जुनंच हवं.

तुझी
चंचल


लिंबायत
१७ डिसेंबर १९९५

आक्का,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी लिहिली नाही. ते पत्र लिहिलं त्याच्या आदल्या रविवारी तुमच्या गल्लीतला लोटूमामा इथे येऊन गेला. तो चलथाणला आला आहे, कारखान्याचा ऊस तोडायला. अर्धा दिवस सुट्टी मिळाली म्हणून पत्ता विचारत आला. चहा प्यायला. मग म्हणाला, "तू तुना भाचाले देखं का?"

मी नाही म्हटलं.

"त्याना आंगवर अजून नवा धागा नही," तो म्हणाला. "आख्खी गल्लीना जुना कपडा घालस तो."

मग त्याने सगळं सांगितलं. आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून तू चिंधाच्या वेळी पाच घरी पदर पसरलास. ज्या घरचं मूल जगलं आहे त्या घरचं कापड मागून आणलंस. पाच वर्षं पुरी होईपर्यंत त्याच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, आणि त्याच्या अंगावरचं कुणाला द्यायचं नाही, असा तुझा नवस आहे. म्हणून नावही चिंधा.

मला हे माहीत नव्हतं, आक्का. तुझी दोन गेली हे माहीत होतं. नवसाचं कुणी सांगितलं नव्हतं. मी सुरतेत, तू तिकडे. पत्रात असल्या गोष्टी लिहीत नाहीत.

साथीच्या वेळी तुमच्या वेशीवरच्या दगडावर मी जे गाठोडं ठेवून गेले, त्यात पाच झबली होती. सगळी नवी. गुलाबी, पिवळी, एकाला जरीची पट्टी. मी स्वतः शिवली होती. सुरतेत प्लेगची साथ आली, लोक मिळेल त्या गाडीने निघाले, आम्ही दोन कपडे आणि ते गाठोडं एवढंच घेऊन निघालो. दोंडाईच्यापासून चालत आलो. वेशीवर गावातली माणसं उभी होती. सुरतेहून आलेल्याला आत घ्यायचं नाही, असं गावाने ठरवलं होतं. त्यात दाजी होते. तू मागून आलीस आणि वीस पावलांवर थांबलीस. म्हणालीस, "आठेच थांब. घरमा पोऱ्या शे."

एवढंच बोललीस. दगडावर भाकरी, ठेचा आणि पाण्याचा लोटा ठेवलास आणि मागे सरलीस. आम्ही खाल्लं. जाताना मी तिथेच गाठोडं ठेवलं. वळून पाहिलं तेव्हा तू काठीने ते गाठोडं वाटेच्या कडेला ढकलत होतीस.

सव्वा वर्ष मला एवढंच दिसत होतं, ती काठी.

आता कळतं. साथीच्या गावाहून आलेलं कापड, तेही नवंकोरं, तुझ्या तिसऱ्यासाठी. मी तुझ्या जागी असते तर जाळलं असतं. तू जाळलंस का? जाळलं असशील तर बरं केलंस.

भाकरी गरम होती हे मला आता आठवतं. म्हणजे आम्ही वेशीवर आहोत हे कळल्यावर तू चूल पेटवलीस. तेव्हा हा हिशेब सुचला नव्हता. त्या भाकरीबद्दल आज सांगते, ती चांगली होती.

पिशवीबद्दल लिहिते. पिशवी रेक्झिनची आहे. चेन बिघडली म्हणून हेमराजने मागावरच्या कापडाच्या काठाचे बंद लावले आहेत. शेजारच्या पुष्पाबाई रोज संध्याकाळी येऊन ती सोडतात, पाहतात आणि परत बांधतात. त्या बुलढाण्याच्या. सहा बाळंतपणं झालेली बाई. मी त्यात आरसा आणि कंगवा ठेवला होता. त्यांनी आरसा काढला.

"वरातीत चाललीस काय वं?"

"केस विंचरायला."

"तिथं तोंड पाहशीन तं भिशीन. राहू दे घरी."

मग त्यांनी खालून चार पुरचुंड्या काढल्या. प्रत्येकीत एकेक कापड. एक त्यांच्या नातवाचं, एक वरच्या मजल्यावरचं, दोन मागच्या चाळीतली. वेगवेगळी बांधून ठेवली आहेत.

"चार घरं झाली," त्या म्हणाल्या. "पाचवं?"

"माहेरचं. ते पहिलं लागतं अंगाला."

"मंग लिही ना तिले. शाई वाळली काय?"

मी म्हटलं लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, "काय लिहिलं ते मले माहीत आहे. यादी लिहिली असशीन."

आक्का, चार घरं झाली आहेत. पाचवं तुझं.

चंचल


लिंबायत
९ जानेवारी १९९६

आक्का,

काल पार्सल मिळालं. पोस्टमन जिना चढून वर आला, एवढं मोठं होतं. पांढऱ्या कापडात शिवलेलं, टाके तुझे. पुष्पाबाई म्हणाल्या, टाके उसव, कापू नको, कापड कामाला येईल. म्हणून अर्धा तास उसवत बसले.

दोन कुंच्या. चार झबली, सगळी सुती, काखेत चुणी घालून. दुपटं, त्याला कडेने निळा दोरा. तान्ह्याची टोपी. बाळंतशोपा, डिंक, खारीक. आणि दाजींची चिठ्ठी. "भागीरथी सांगते की चिंधाचे कपडे देता येत नाहीत, कारण माहीत आहेच. पहिलं बाळंतपण आहे. पहिल्याला जुनं का. मावशीचं नवंच घाल."

मी प्रत्येक कपडा घडी मोडून पाहिला आणि परत तशीच घडी घातली. तुझी चूण घालायची पद्धत मायची आहे. मी शिकले नाही. तू मला शिकवायला बसवायचीस आणि मी पळायची. तू माझ्याहून नऊच वर्षांनी मोठी. माय गेली तेव्हा तू पंधराची होतीस. माझी वेणी घालून शाळेत पाठवायचीस आणि स्वतः कापूस वेचायला जायचीस. तुझी शाळा चौथीत सुटली होती, मी दहावी झाले. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहून ठेवते. मला वाचता येतं ते तुझ्यामुळे.

हे कपडे मी पिशवीत ठेवू शकत नाही.

चार घरं लिहिलं तेव्हा वाटलं तुला कळेल. तू स्वतः पाच घरं फिरलीस. कदाचित कळलं असेल आणि खरं वाटलं नसेल. कदाचित दाजींनी वाचून दाखवताना ती ओळ गाळली असेल. मागणारीने कारण सांगायचं असतं, मगच मागायचं असतं. मी कारण न सांगता मागत होते. हे पत्र तू एकटीने वाच. पाहिजे तर गोठ्यात बसून वाच. एका दिवसात नाही झालं तर दोन दिवस लाव.

हे पहिलं नाही, आक्का.

आम्ही वेशीवर आलो तेव्हा मला दोन महिने झाले होते. तीन पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. तरी तुला सांगायचं मी गाडीत ठरवलं होतं. तुझ्या पोराला मांडीवर घेईन, आपली झबली घालीन आणि मग सांगेन. गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. हेमराजने दोन्ही हात भिंतीला टेकून माझ्यापुढे जागा धरली होती. मी मनात वाक्य जुळवत होते.

वेशीवरून आम्ही परत दोंडाईच्याला चाललो. संध्याकाळची गाडी मिळाली. नंदुरबार यायच्या आत मला कळलं. हेमराजला सांगितलं. उतरलो.

स्टेशनाबाहेर केळी विकणारी एक बाई होती. सुभद्राबाई. हेमराजने तिला आधीच सांगून टाकलं, आम्ही सुरतेचे आहोत. त्याला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "सुरतेचे आहात ते तुमच्या तोंडावर लिहिलंय. आत आणा तिला." तिच्या झोपडीत तीन दिवस होतो. तिने स्वतःचं लुगडं फाडलं, निम्मं. तिचा नवरा तीन दिवस बाहेर झोपला आणि त्याने एकदाही विचारलं नाही. ती जगात नसती तर मीही नसते, असं हेमराज म्हणतो. मागच्या आषाढात आम्ही तिला लुगडं घेऊन गेलो होतो. सुती, नऊवारी. तिने ते डोक्याला लावलं आणि म्हणाली, एवढं कशाला, माझं तर अर्धंच गेलं होतं.

त्यानंतर सुरतेला आलो. तुझं पत्र आलं, ख्याली-खुशाली कळव. मी उत्तर दिलं नाही. दुसरं आलं, त्यालाही नाही.

आता नीट वाच. मी डॉक्टरला विचारलं. चालण्याने झालं का, म्हणून. ते म्हणाले, दुसऱ्या महिन्यात असं खूप बायकांचं होतं, घरी खाटेवर झोपलेल्यांचंही होतं, चालण्याने झालं असं म्हणता येत नाही. मी सव्वा वर्ष तसं म्हणत होते. मनात तुझं नाव घेऊन म्हणत होते. हेमराजलाही सांगितलं नाही की मी कुणाचं नाव घेते.

हे सांगितल्याशिवाय तुझ्याकडून काही मागणं खोटं होतं. पुष्पाबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. चाळीतल्या चार बायकांना मी दारात उभी राहून कारण सांगितलं. त्या परक्या. तुला सांगायला दीड महिना आणि दोन पत्रं लागली.

पत्रात पदर पसरता येत नाही. तरी पसरला असं समज. माझं राहिलं नाही. तुझं राहिलं आहे. त्याच्या अंगावरचं एक कापड दे.

तुझा नवस मला माहीत आहे. दोन गेल्यावर तिसऱ्याच्या अंगावरून काही काढून द्यायचं म्हणजे काय, ते मी समजू शकते. नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही. हे मी बरं दिसावं म्हणून लिहीत नाही. नाही म्हणालीस तर पिशवी चार घरांची घेऊन जाईन. पण मागितलं नाही असं व्हायला नको होतं.

नवे कपडे पेटीत ठेवले आहेत. एकालाही वास लागू दिलेला नाही. खारीक आणि डिंक मी खाते आहे.

चंचल


प्रसूतिगृह, सुरत
३० जानेवारी १९९६

आक्का,

हे पत्र दाजींच्या हाती देते आहे. ते आज संध्याकाळच्या गाडीने निघतील. खाटेवर बसून लिहिते, म्हणून ओळी वाकड्या.

मुलगी झाली. अठ्ठावीस तारखेला दुपारी. अडीच किलोला थोडी कमी. बेन म्हणाल्या चालेल. रडली लगेच. मी पण.

दाजींचं तू विचारशील म्हणून क्रमाने सांगते. ते चोवीसला दुपारी आले. हेमराज खात्यात होता. मी दार उघडलं तर ते खाली गल्लीत पलीकडच्या भिंतीला टेकून उभे. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मी म्हटलं, या ना आत. म्हणाले, "येस ना मी." पण आले नाहीत. पुष्पाबाई बाहेर धुणं वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "पावणं, तिथं काय पहारा देऊन राहिले? आत जा, नाहीतर ती येईन बाहेर, आन् तिले जिना चढायची मनाई आहे." मग आले.

पाणी प्यायले. मग मान खाली घालून म्हणाले, "ठराव गावना व्हता. पन पयले मी बोलनू."

गाव नंतर हो म्हणालं. सुरतेहून येणाऱ्यांना अडवायचं, हे आधी त्यांनी सुचवलं होतं. तुला हे माहीत आहे का, ते मला माहीत नाही. माहीत नसेल तर त्यांच्यावर रागावू नको. त्यांच्या घरात महिन्याचं पोर होतं. मी त्यांना जेवायला वाढलं. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

माझं पत्र त्यांनी वाचलेलं नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. तू दोन दिवस ते घेऊन फिरलीस, जेवली नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चिंधा झोपेतून उठला तसं त्याच्या अंगातलं काढलंस आणि त्यांच्या हातात दिलंस. म्हणालीस, "जाय." एवढंच. पोर उघडं राहिलं, रडलं, तू त्याला पदरात घेतलंस आणि पाठ फिरवलीस. चिंधाला त्या दिवशी खोकला होता, असंही ते म्हणाले. ते त्यांनी सांगायला नको होतं. पण त्यांनाही खोटं बोलता येत नाही. आपल्या दोघींचे नवरे एकसारखे निघाले.

खोकला असताना दिलंस.

सदरा मी धुतला नाही. एक गुंडी आहे, एक नाही. काखेत उसवलेला. मानेशी त्याचा वास होता, तेल आणि दूध. तो मी तू बरोबर पाठवलेल्या लुगड्यात ठेवला. ते लुगडं तू का पाठवलंस हे दाजींना सांगता आलं नाही. घडी उघडली आणि मला कळलं ते मायचं आहे. पदराजवळ रफू आहे, तो तिच्या हातचा. मला वाटलं होतं ते तिच्याबरोबर गेलं. तू एवढी वर्षं ठेवलंस.

पिशवी त्याच संध्याकाळी बांधली. चार पुरचुंड्या खाली, तुझं वर. पुष्पाबाईंनी बंद आवळला आणि म्हणाल्या, आता कधीही ये म्हणावं.

ती चार दिवसांनी आली. कळा सकाळी सुरू झाल्या. हेमराज रिक्षा आणायला पळाला आणि दाजींनी पिशवी उचलली. दवाखान्यात पोचलो तर दारातल्या आयाबाईने त्यांना अडवलं. आत फक्त घरचं माणूस, म्हणाली. तमे कोण? दाजींना गुजराती येत नाही, पण एवढं कळलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि म्हणाले, "आम्ही माहेरना शेतस."

तिला समजलं नाही. हेमराज मागून म्हणाला, "पियरवाळा." म्हणजे माहेरचे. ती बाजूला झाली.

बेननी पिशवी उघडून एकेक कापड चुरून पाहिलं. सदरा हातात घेतला, गुंडी पाहिली. बाळ पुसून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "पहेलुं कयुं?" पहिलं कोणतं घालू. त्यांना ही पद्धत माहीत होती. मी दाखवलं. सदरा तिच्या पायाच्या खाली एवढा उरला. हात तर सापडतच नव्हते. बेननी बाह्या दुमडल्या. मग लुगड्यात गुंडाळून माझ्याजवळ दिलं.

अजून एक. शेजारच्या खाटेवर एक ओडिया बाई आहे. तिचा माणूस हेमराजसारखाच मागावर. तिचं कुणीच नाही इथे. तिने मुलासाठी नायलॉनचं आणलं होतं, कुणीतरी नवं दिलेलं, लाल. बेननी ते भिरकावलं नाही, पण खाटेच्या कठड्यावर टांगून ठेवलं. मूल नुसत्या कापसात. मी हेमराजला घरी पाठवलं. पेटीतलं तुझं पार्सल आणायला सांगितलं. तिचं पहिलंच आहे, आधी काही गेलेलं नाही, मी हातांनी विचारून घेतलं. तिच्या मुलाच्या अंगात आता तुझं झबलं आहे, निळ्या दोऱ्याचं दुपटं आहे, टोपी आहे. टोपी मोठी होते. ती बाई सारखी चुणीवरून बोट फिरवते. तिला माझं बोलणं कळत नाही, तिचं मला. मी तिला सांगितलं, माझ्या बहिणीने शिवलं. ती हसली.

तुझं जुनं आणि नवं, दोन्ही जिथे जायचं तिथे गेलं.

दाजी तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. कुणी उठा म्हटलं की उठायचे, कुणी गेलं की परत बसायचे. काल पाळीवरून आलेल्या हेमराजला त्यांनी झोपायला घरी हाकललं. त्यांना आवर्जून जेवायला घाल. ते फार दमले आहेत.

आता मला झोप लागत नाही, ती मुलीमुळे नाही. आक्का, चिंधाचं कळव. खोकला गेला का. ताप आला का. पत्र लिहवत नसेल तर कार्डावर एक रेघ ओढून पाठव, मी समजेन. मी मागितलं आणि तू दिलंस. त्यातून त्याला काही झालं तर मी काय करू ते मला सुचत नाही.

माझ्याजवळ ही झोपली आहे. हिचा श्वास मोजते, मग चिंधाचा आठवते, जो मी कधी ऐकलेला नाही.

चंचल


लिंबायत
२१ फेब्रुवारी १९९६

आक्का,

तुझं कार्ड काल आलं.

आधी ओळखू आलं नाही. दाजींचं अक्षर शोधत होते. मग दिसलं की ओळी पेन्सिलीच्या आहेत आणि प्रत्येक अक्षर सुटं आहे, शेजारच्याला न टेकणारं. तू लिहिलंस. चौथीनंतर पहिल्यांदा लिहिलं असशील. पुष्पाबाईंना वाचता येत नाही, तरी त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "मोठ्या बहिणीचं दिसते. दाबून लिहिलं आहे."

हेमराज झोपला होता. त्याला उठवून वाचून दाखवलं. तू लिहिलंस तसंच इथे उतरवते, म्हणजे मला नीट वाचता आलं की नाही ते तुला कळेल.

"चंचल. चिंधा खेळतो. खोकला गेला. सदरा ठेव. लुगड मायच आहे. ते परत पाहिजे. पोस्टाने पाठवू नको. भागीरथी."

तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू रागावलीस. दुसऱ्यांदा हेमराज हसायला लागला. तिसऱ्यांदा मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले.

येते. सव्वा महिना होऊ दे. आठ मार्चनंतर पॅसेंजरने येऊ, आम्ही तिघं. हेमराजला चार दिवस सुट्टी मिळेल. मुलीचं नाव ठेवलेलं नाही. नाव आत्याने ठेवायचं असतं, पण हेमराजला बहीण नाही, म्हणून आम्ही कुणाला विचारलं नाही. तुझ्या मनात असेल ते काढून ठेव. साधं काढ.

लुगड्याचं मात्र सांगून ठेवते. ती त्याच्यावरच झोपते. दुसरं कापड घातलं की किरकिर करते. दिवसातून तीनदा धुवावं लागतं, आणि रफूच्या बाजूला परवा आणखी थोडं गेलं. मी शिवलं, पण माझा टाका तुला माहीत आहे. मी आणीन तेव्हा ते होतं त्याहून जुनं झालेलं असेल.

चालेल ना.

चंचल